ई-क्लासवर टिनाची खोली बांधू नका

पत्र

भाऊ, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या चौदाशे वस्तीच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. गावाला लागून, नाल्याच्या काठी ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गावाच्या गायरानावर, सात कुटुंबं राहतात. पऱ्हाटीचे कुड, वर त्रिपाल. मूळचे भटक्या समाजाचे लोक, वीटभट्टीच्या कामाला आले आणि इथंच राहिले. तीन कुटुंबं २००९ पासून आहेत, बाकीची करोनानंतर आली. दुसरी एक गावातलीच सून आहे. नवरा वारला, पदरात दोन मुली. मागच्या पावसाळ्यात तिच्या घराची मातीची भिंत बसली, तेव्हापासून ती दिराच्या कोठ्यात ढोरांशेजारी राहते. आणि एक म्हातारे बाबा समाजमंदिराच्या ओट्यावर झोपतात. मुलगा पुण्याला आहे म्हणतात, पण येत नाही. आता ओट्याला जाळी लावून रात्री कुलूप घालायचं गावात चाललं आहे.

ग्रामसभेत मी विषय काढला. सरपंच म्हणाले, घरकुलाच्या यादीत नाव नाही, जागा नाही, मी काय करू? मागून दोघं-तिघं ओरडले, आमचेच कवेलू गळतात अन् बाहेरच्यांना घरं कशाला? घरी आल्यावर यजमान म्हणाले, मानधनावरचं काम आहे, गावाशी वैर घेऊ नको.

आमच्या बचत गटात चाळीस हजार जमा आहेत. बाया तयार आहेत. थोडी वर्गणी घालून ई-क्लासवर निदान एक टिनाची पक्की खोली बांधून द्यावी, पावसाळ्यात आसरा होईल, असं मनात आहे. करावं का?

— एक अंगणवाडी सेविका

उत्तर

ताई, खोली बांधू नका. पंचायत समितीत नोकरी करताना अशा खोल्या मी पाहिल्या आहेत. चांगल्या मनानं बांधलेल्या, आणि ज्यांच्यासाठी बांधल्या त्यांच्याच गळ्यात अडकलेल्या.

पहिली अडचण त्या टिनाचीच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण निकषांत पक्कं छत किंवा पक्की भिंत असलेलं कुटुंब बाजूला काढलं जातं. आणि २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात टिनपत्रा पक्क्या छतात धरला होता. मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात पत्र्याखाली दुपार काढून दाखवा आणि मग त्याला पक्कं म्हणा, असं कोणीही म्हणेल, पण रकाना भरणारा माणूस उन्हात बसलेला नसतो. आज ही कुटुंबं त्रिपालाखाली आहेत. घर नसलेलं कुटुंब त्या सर्वेक्षणात आपोआप पात्र ठरणाऱ्या पाच गटांत पहिलं होतं. तुमची खोली उभी राहिली की त्यातल्या एका कुटुंबाची ती पात्रता तुम्हीच पुसून टाकाल.

दुसरी अडचण जमिनीची, आणि ती जास्त जड आहे. आपण वऱ्हाडात जिला ई-क्लास म्हणतो, ती बाकीच्या महाराष्ट्रातलं गायरान. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या सरकारनं तसा शासन निर्णय काढला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयात विषय पुन्हा तापला, तेव्हा गावोगावी नोटिसा लागल्या आणि पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांनाही घाम फुटला. त्रिपाल उचलून चार पावलं सरकता येतं. सिमेंटचा पाया कुठं उचलून नेणार? गटातल्या बायांनी दहा-दहा, वीस-वीस रुपयांनी जमवलेले चाळीस हजार एका नोटिशीवर टांगू नका.

(वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वाचकांनी याच ठिकाणी आपला सातबारा काढून बघावा. तुमच्याकडे गावालगतच्या मोकळ्या जमिनीवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असू शकते. मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती जमीन वनजमीनच धरली आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपाला काही दिलासा आहे, पण नव्यानं तिथं घरकुल बसवायचं तर प्रकरण वन खात्यातून फिरून येतं.)

मग करायचं काय? ताई, तुमच्या सरपंचांनी एका दमात दोन गोष्टी सांगितल्या, यादी आणि जागा. लोक यादीमागे धावतात, कारण ती मोबाइलवर दिसते. माझं मत असं की आधी जागा धरा. यादीत नाव आलं आणि जागा नसली तर माणूस वर्षानुवर्षं मंजुरीच्या तोंडाशी उभा राहतो आणि शेवटी ‘लाभार्थी इच्छुक नाही’ किंवा ‘जागा उपलब्ध नाही’ असा शेरा मारून मोकळे होतात. खरं तर याच योजनेच्या अंमलबजावणीच्या चौकटीत स्पष्ट लिहिलं आहे की भूमिहीन लाभार्थ्याला सरकारी किंवा इतर सार्वजनिक जमिनीतून जागा मिळेल याची जबाबदारी राज्यानं घ्यायची. म्हणजे ‘जागा नाही, मी काय करू’ हे उत्तर सरपंचांनी तोंडी देऊन भागत नाही. ते त्यांनी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवायला हवं. ग्रामसभेत हेच मागा: अमुक कुटुंबं भूमिहीन आहेत, गावठाणात जागा शिल्लक नाही, म्हणून पंचायत समितीनं जागेची सोय करावी, असा ठराव. घरकुल द्या असा ठराव हवेत जातो. जागेच्या ठरावाला मात्र कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आता तुमची सात कुटुंबं एका पोत्यात घालू नका. २००९ पासूनची तीन कुटुंबं वेगळी आहेत. ग्रामीण भागात सरकारी जमिनीवरची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करण्याच्या धोरणात १ जानेवारी २०११ ही रेषा आहे. ई-क्लास असल्यानं त्यांचं प्रकरण सरळ नाही, तरी दार पूर्ण बंदही नाही. जगपाल सिंग निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेनं दिलेल्या जागांचा अपवाद म्हणून उल्लेख आहे. पण ही तीन कुटुंबं २०११ च्या आधी इथं राहत होती, हे सिद्ध कशानं होणार? त्यांच्याकडे वीजबिल नाही, घरटॅक्सची पावती नाही.

पुरावा तुमच्या कपाटात आहे, ताई. अंगणवाडीची कुटुंब सर्वेक्षणाची नोंदवही, लसीकरणाच्या नोंदी, गरोदर मातांचा पोषण आहार. २००९-१० मध्ये त्या वस्तीतल्या एखाद्या बाईला पोषण आहार दिला असेल, एखाद्या लेकराला पोलिओचा डोस पाजला असेल, तर ती सरकारी नोंद आहे. तेव्हा तुमच्या जागी दुसरी सेविका असेल, तरी नोंदवह्या जातात कुठं? मात्र तुम्ही स्वतः झेरॉक्स काढून कोणाच्या हातात देऊ नका, उद्या बोट तुमच्याकडे येईल. त्या कुटुंबांनी बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखाली असतील तर तेही माफ, आणि ३० दिवसांत उत्तर. तसाच दुसरा अर्ज शाळेकडे, मुलांच्या दाखल-खारीज नोंदीसाठी. तिसरा पटवाऱ्याकडे. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आपल्या तोंडात पटवारीच बसलं आहे. त्यांच्याकडे अतिक्रमणांची नोंद गाव नमुना १-ई मध्ये असते. तीत या तिघांची नावं जुन्या सालात चढलेली निघाली तर निम्मं काम झालं. गंमत बघा, ज्या नोंदीची एरवी भीती वाटते तीच इथं कामाची.

करोनानंतर आलेल्या चार कुटुंबांसाठी तो रस्ता नाही. त्यांना ई-क्लासवर कायम करू असं कोणी सांगत असेल तर तो मतं मागतोय असं समजा. त्यांच्यासाठी जागा विकत घेण्याचा रस्ता आहे, आणि तो फार कमी गावांत वापरला जातो. पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजनेत पात्र पण जागा नसलेल्या लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंत जागेसाठी पूर्वी ५० हजार मिळायचे, २०२४ पासून ही मदत १ लाखापर्यंत गेली. तालुक्याच्या ठिकाणी एवढ्यात काही येत नाही, पण चौदाशे वस्तीच्या गावात येऊ शकतं. चौघांनी मिळून गावठाणाला लागून एखाद्या शेतकऱ्याचा बांधालगतचा तुकडा बघायचा. तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचा फार लहान तुकडा विकायला असलेली बंदी, आडवी येते असं सांगून दुय्यम निबंधकाच्या दारातून परत पाठवतील. तेव्हा त्यांना २०२४ चा नियम दाखवा. विहीर आणि रस्त्याबरोबर ग्रामीण घरकुलासाठीही १००० चौरस फुटांपर्यंत तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं घेता येतो.

हे लोक भटक्या जमातीचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनाही त्यांच्यासाठी आहे. मूळ योजनेत २० कुटुंबांची वसाहत, प्रत्येकी ५ गुंठे, अशी कल्पना होती. एवढी कुटुंबं एका गावात मिळणार कुठून? पुढे वैयक्तिक घरकुलाचीही सोय झाली. अडतं ते जातीच्या दाखल्यावर. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा गाढवावर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरले त्यांनी १९६१ सालचा कागद कुठून आणावा, हा प्रश्न विचारून मी थकलो. उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गृहचौकशीची लेखी विनंती करता येते, म्हणजे माणसं पाठवून नातेवाईक, चालीरीती, बोली तपासून अहवाल घेतात. वेळखाऊ आहे. तरी एका कुटुंबातल्या एका माणसाचा दाखला निघाला की वडिलांकडच्या बाकीच्यांचं सोपं होतं, म्हणून सातही जणांनी एकदम धावपळ न करता ज्याच्याकडे थोडाफार कागद आहे त्याला पुढे करा.

त्या सुनेकडे येतो. कामाला सुरुवात तिच्यापासून करा. तिचं प्रकरण सर्वांत सोपं आहे, आणि दुसरं म्हणजे तिला गावात कोणी बाहेरची म्हणू शकत नाही. यात थोडं राजकारण आहे. असू द्या.

तिला दोन गोष्टी विचारा. भिंत बसली तेव्हा पंचनामा झाला होता का? अतिवृष्टीत घर पडलं तर आपत्ती निधीतून मदत मिळते. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, आणि अंशतः पडलेल्या कच्च्या घराला फक्त ४ हजार. हा एवढा फरक पंचनाम्यातल्या एका शब्दावर असतो. आढं आणि तीन भिंती उभ्या दिसल्या की ‘अंशतः’ लिहून पुढच्या घरी जातात, मग आतली बाई कोठ्यात का राहते ते कोणी विचारत नाही. पंचनाम्याची नक्कल तहसीलमधून मागवा. झालाच नसेल, तर जुन्या नुकसानीचं आता अवघड आहे. पण यंदा पहिल्या जोराच्या पावसात उरलेलं पडलं तर त्याच दिवशी फोटो, त्याच दिवशी पटवाऱ्याला अर्ज. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, तो आकडाही त्याच दिवशी टिपून ठेवा.

दुसरी गोष्ट, पडक्या घराची जागा कोणाच्या नावावर आहे? माझा अंदाज, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, म्हणजे घरटॅक्सच्या नोंदवहीत, अजून सासऱ्याचं नाव असेल. सासरे वारले असतील तर आधीच वारलेल्या मुलाची बायको आणि त्याची लेकरं ही हिंदू वारसा कायद्यानं पहिल्या वर्गातली वारस आहेत. दीर एकटाच मालक नाही. तिच्या नावानं जागेची नोंद लागली की तिची जागेची अडचण तिथंच संपली, मग उरते ती फक्त यादी. दिरानं तिला कोठ्यात का होईना ठेवलं आहे, म्हणजे तो अगदी वाईट माणूस नसावा. कोर्टाची भाषा आधीच काढू नका. भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला बसवून संमतिपत्र लिहून घ्या, वाटणीचा वाद न काढता फक्त घरकुलापुरती जागा. तिची जात मला माहीत नाही. अनुसूचित जातीची किंवा नवबौद्ध असेल तर रमाई, आदिवासी असेल तर शबरी, इतर मागासवर्गीय असेल तर मोदी आवास, असे घरकुलाच्या योजनांचे वेगळे रस्ते आहेत. शिवाय दर महिन्याचे १५०० रुपये तिला संजय गांधी निराधार योजनेत मिळू शकतात, उत्पन्नाचा २१ हजारांच्या आतला दाखला लागेल. तो अर्ज अजून केलेला नसेल तर आधी तोच करा.

ग्रामसभेचं. तुम्ही भर सभेत एकट्या उठून बोललात, हिंमत केली. पुढच्या वेळी तसं नको. कायद्यानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच होते, सही गोळा करायला शिपाई घरोघर फिरतो. तुमच्या हातात बचत गट आहे, बाया आहेत. ती सभा खरोखर भरवा. तिथं त्या सुनेला बोलू द्या, वस्तीवरच्या दोन बायांना बोलू द्या, तुम्ही फक्त ठराव नीट लिहिला जातो का ते बघा. महिला सभेतून आलेला विषय ग्रामसभेत बाजूला सारणं सरपंचांना जड जातं, कारण तो तुमचा एकटीचा हट्ट राहत नाही. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते लागतं. तुमच्या गावात शंभर माणसं पुरतील. वेळ मात्र संध्याकाळची मागा. पंधरा ऑगस्टला निंदण-डवरणी, सव्वीस जानेवारीला वेचणी आणि तूर, सकाळी अकराला मजुरी सोडून कोण येतं? जे येतात त्यांचे कवेलू गळत नाहीत.

ज्यांचे गळतात त्यांचा राग खोटा नाही, हे आधी मनाशी कबूल करा. गावाला मिळणारं उद्दिष्ट मोजकं असतं, आणि आपल्या आधी दुसऱ्याचं नाव लागलं की माणूस चिडतोच. त्यांना माणुसकीचे धडे देऊ नका. त्यांच्या घरी जा आणि विचारा, तुमचं नाव प्रतीक्षा यादीत कितवं आहे? नसेल तर कशानं कटलं? २०२४ मध्ये निकष थोडे सैल झाले. दुचाकी, फ्रिज किंवा टेलिफोन असला म्हणून आता नाव कटत नाही, आणि घरातल्या कोणाचीही कमाई महिन्याला १० हजारांऐवजी १५ हजारांपर्यंत चालते. कोरडवाहू ५ एकर किंवा त्याहून जास्त असेल तर मात्र बाहेरच, मग ती जमीन कितीही खडकाळ असो. जुन्या मोटरसायकलीपायी पूर्वी कटलेले दोन-चार जण तुमच्या गावात नक्की निघतील. त्यांचे अर्ज सुनेच्या अर्जाबरोबर, वस्तीच्या अर्जाबरोबर, एकाच दिवशी द्या. नाव वगळलं असेल तर कारण लेखी मागा. ग्रामसभेच्या यादीवर जिल्हा पातळीवरच्या अपील समितीकडे दाद मागता येते. ओरडणाऱ्यांतला एक जरी तुमच्यासोबत दारव्ह्याच्या बसमध्ये बसला, तरी पुढच्या सभेत मागून ओरडायला माणूस कमी.

बाबांचं ऐकून वाईट वाटलं, आणि तिथं योजना तोकडी आहे हे सरळ सांगतो. रात्र निवारे शहरांसाठी आहेत, लाखभर वस्तीमागे एक असा दंडक. खेड्यातल्या बेघर माणसासाठी तसं काही नाही. खेड्यात बेघर माणूस असतो हेच बहुधा धरलेलं नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी ‘बेघरांना आसरा’ सांगितलं, धर्मशाळा बांधल्या. आपण त्यांचे दहा संदेश पाटीवर रंगवून ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावले आणि समोरच्या ओट्याला जाळी. त्या ओट्याचा बंदोबस्त ग्रामपंचायतीच्या मासिक सभेतच होऊ शकतो. कुलूप लागायचंच असेल तर एका कोपऱ्यात बाबांची झोपायची सोय ठेवून लागावं, एवढी दोन ओळींची मागणी द्या. जाळीवाल्यांना भीती दारुड्यांची आहे, बाबांची नाही. बाबा रात्री तिथं असले तर पत्ते कुटणारे उलट टळतील, असंही सांगून बघा.

त्यांचा मुलगा आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा अशाच मुलांसाठी आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे साध्या कागदावर अर्ज, वकील लागत नाही, चालतही नाही, आणि महिन्याला १० हजारांपर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो. पण बाबांना विचारल्याशिवाय हे करू नका. बरेच म्हातारे मुलाविरुद्ध कागद करायला तयार होत नाहीत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. आधी एक फोन. तो मुलगा तिथं कोणत्या पत्र्याखाली राहतो, तेही आपल्याला कुठं ठाऊक आहे? बाबा विसरभोळे झाले असतील, एकटेच बडबडत असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावून विचारा, आणि वृद्धांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. वृद्धाश्रमात टाकण्याची घाई करू नका. सत्तर वर्षं ज्यानं एकाच गावचं पाणी प्यायलं त्याला तिथं पाठवून गाव मोकळं होतं, माणूस मोकळा होत नाही.

बाबांचे कागद मात्र लगेच. आधार नसेल तर सरपंचांच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर पत्त्याचं काम होतं. मतदार यादीत घर नसलेल्या माणसाचंही नाव लागतं. फॉर्म ६ भरायचा, आणि बीएलओ, म्हणजे गावच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन तो माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघून जातो, दुसरा पुरावा मागत नाही. तुमच्या गावात बीएलओ बहुधा शाळेतले गुरुजी असतील. समाजमंदिराचा ओटा हा पत्ता म्हणून एकदा सरकारी कागदावर चढला की जाळीचा विषयही वेगळ्या नजरेनं बघावा लागतो. ६५ वर्षं पूर्ण असतील तर श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये, आणि अंत्योदय कार्ड निघालं तर महिन्याला ३५ किलो धान्य.

आता तुमचे चाळीस हजार. ते गटातच राहू द्या, त्यांची वेळ पुढे येणार आहे. घरकुलाचे १ लाख २० हजार (गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात १ लाख ३० हजार) एकरकमी हातात पडत नाहीत. पहिला हप्ता अगदी लहान असतो, पुढचा बांधकामाचा फोटो चढल्यावर. आणि आपली काळी माती तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पावसात फुगते. मुरूम लागेपर्यंत खोदल्याशिवाय आणि मुरूम भरल्याशिवाय पाया टिकत नाही, त्यात पहिला हप्ता जोत्यापर्यंतही पोचत नाही. कितीतरी घरकुलं जोत्यावर थांबून बाभळी उगवलेली मी पाहिली, कारण गड्याला द्यायला पैसे नव्हते आणि जोतं झाल्याशिवाय हप्ता नव्हता. तिथं गटानं आठ-दहा हजार उसने द्यावेत, हप्ता आला की परत. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी वेगळी मिळते, ती हजेरीपटावर चढते का हे बघायला गटातल्या दोन बाया नेमा. राज्यानं २०२५ मध्ये ५० हजारांची भर जाहीर केली, त्यातले १५ हजार सौरऊर्जेसाठी, आणि घरकुलाला ५ ब्रास रेती मोफत. रेतीचा पास हातात आल्यावर ट्रॅक्टरवाला भाड्यात काय सांगतो ते मात्र आधी ठरवून घ्या.

या पावसाळ्यापुरतं वस्तीवर जाड त्रिपाल, खाली मुरमाचा हातभर उंच ओटा आणि नाल्याकडच्या बाजूनं एक चर खणून द्या. त्यानं कोणाची पात्रता जात नाही. नाल्याला पूर आला तर रात्री शाळेची कोणती खोली उघडायची आणि चावी कोणाकडे, हे मुख्याध्यापकांशी आताच बोलून ठेवा.

यजमानांचं म्हणणं उडवून लावू नका. मानधनावरच्या बाईला त्रास द्यायला गावाला फार अक्कल लागत नाही. म्हणून एकाही अर्जावर तुमची सही नको. अर्ज सुनेचा, अंगठा वस्तीवरच्या माणसांचा, महिला सभेचा ठराव गटाच्या अध्यक्षांनी मांडलेला. तुम्ही अर्ज लिहून द्या, वाचून दाखवा, पोच घेतल्याशिवाय त्यांना आवकच्या टेबलावरून हलू देऊ नका. ग्रामसभेची नोटीस आठवडाभर आधी लागते, विषय त्यात यायचा असेल तर अर्ज त्याच्या आधी ग्रामपंचायतीत पोचला पाहिजे. यजमानांना विचारा, दारव्ह्याला जाताना मोटरसायकलवर त्या सुनेला आणि तिच्या मोठ्या मुलीला पंचायत समितीपर्यंत सोडाल का? बहुतेक ते हो म्हणतील.